सात शिंक्यांचं घर

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा मांजरं माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरमाथ्यावर देवीचं ठाणं. दर जत्रेला गावातून वेळूची एक उंच काठी निघे. तिला रंगीत कापड गुंडाळलेलं, टोकाला मोरपिसांचा तुरा. एकाच माणसाने ती काठी जमिनीला न टेकवता माथ्यापर्यंत न्यायची आणि त्याच्या घराने त्या दिवशी साऱ्या गावाला पोटभर जेवू घालायचं, असा तिथला रिवाज. हे ज्याला जमेल ते मानाचं घर.

हा मान पिढ्यान्‌पिढ्या रायाजीच्या घराकडे होता, आणि आता तो जायच्या बेतात होता.

झालं काय, की मागच्या जत्रेत रायाजी अर्ध्या डोंगरावर धापा टाकू लागला आणि त्याने काठी खाली टेकवली. "काटा मोडला," म्हणाला. काटा दाखव म्हटलं, तर दाखवता येईना. पोट मात्र सगळ्यांना दिसत होतं. ते दाखवावं लागत नव्हतं.

आणि जेवण? कणगीत धान्यच उरलं नव्हतं. आमटीत पाणी, पाण्यात पाणी. शेजारचा धोंडाजी वाटीत वाकून म्हणाला, "वा! हिच्यात बघून मी मिशी विंचरून घेतली." पंगत खदखदून हसली. पंचांनी मात्र हसता हसता बजावलं, "एकदा देवी माफ करते. पुढच्या साली पुन्हा असं झालं, तर काठी धोंडाजीच्या दारी जाईल."

ती आमटी वाढत होती रायाजीची बायको, येसू. पळी तिच्या हातात होती, म्हणून लोक तिच्याचकडे बघून हसले. तिने त्याच दिवशी मनाशी ठरवलं: पुढच्या साली अशी वाटी या हाताने वाढायची नाही.

पण करणार काय? त्या घराची रीतच उफराटी होती. येसूची सासू मोठ्या तोऱ्यात सांगे, "आधी ठरवून जेवतात ती कोंड्याचा मांडा करणारी माणसं. मानाच्या घरात जिभेला आठवेल ते शिजतं!" म्हणजे आधी चूल पेटवायची, मग सगळ्यांना विचारायचं.

चूल पेटली, की ओट्यावरून सासरा ओरडे, "झुणका!" अंगणातून रायाजी ओरडे, "भजी!" नणंद ठकू माळ्यावरून ओरडे, "वहिनी, गुळपोळी!" काही भिजवलेलं नसे, काही दळलेलं नसे. मग धाव वाण्याकडे. वाणी पीठ देई, तेल देई आणि बदल्यात सूपभर धान्य हसत हसत ओतून घेई. पटकन होणारं ते तळलेलंच. म्हणून रोज कढई. कढई उतरली, की रायाजी आडवा.

भाजी नव्हती असं नाही. बाजार दर गुरुवारी. सासू उपाशीपोटी बाजारात जायची, आणि उपाशी माणसाला बाजारातलं सगळंच गोड दिसतं. वांगी घे, काकड्या घे, मेथीच्या जुड्या घे. घरी आलं, की सगळं कोपऱ्यात. मेथी पिवळी, काकडी लिबलिबीत, वांग्यांना सुरकुत्या. आठवडा सरला की सगळं उकिरड्यावर.

या सगळ्यात खूश होती एकटी घरची मांजर. उरलंसुरलं खाऊन ती लोडासारखी झाली होती. एकदा उंदीर तिच्या शेपटीवरून गेला, तरी तिने डोळा उघडला नाही.

येसू भडकली. "अगं भवाने! तुझ्या अंगावरून उंदीर गेला!"

"गेला तर जाऊ दे," मांजर म्हणाली. "आज तुमच्याकडे झुणका उरणार, पोळी उरणार. मी कशाला धावू? काय खायचं ते ज्याला ठाऊक नसतं, तो हाताला लागेल ते खातो, बाई. मी तशीच फुगले. तुझा नवराही तसाच फुगला."

येसूला राग आला. पण खरं बोलणाऱ्यावरचा राग पाण्यावर मारलेल्या काठीसारखा असतो, रेघ उठत नाही. ती वर बघत बसली. आढ्याला एक शिंकं लोंबत होतं, दह्याचं. ते मात्र कधी नासत नव्हतं, कारण दही कुणासाठी आणि कधी, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सुंभ आणला आणि आणखी सहा शिंकी विणली. सातही आढ्याला ओळीने टांगली.

सासूने कपाळाला हात लावला. "हे काय? आम्ही काय बोके आहोत, शिंक्याखाली बसायला?"

"आत्याबाई, हे आठवड्याचे सात वार. बाजारातून आणलेलं एकदम कोपऱ्यात टाकायचं नाही. ज्या दिवशी जे शिजायचं, ते त्या दिवसाच्या शिंक्यात."

"म्हणजे ठरवून? या घरात? शोभतं का हे?"

येसूने पळी खाली ठेवली. "आत्याबाई, मागच्या जत्रेत शोभलं ते तुम्ही पाहिलंत."

सासू चुलीकडे वळली. येसू ही संधी सोडणारी नव्हती. "तुमचा शब्द मोडायचा नाही मला. जिभेला आठवेल तेच शिजेल. फक्त जिभेने बुधवारी जेवण झाल्यावर आठवायचं, भरल्या पोटी. मामंजींचा एक वार, तुमचा एक, वन्संचा एक, यांचा एक, माझा एक. ज्याच्या वाराला तो मागेल ते. सहावा वार पाहुण्याचा. सातवा, म्हणजे बाजाराचा दिवस, शिल्लक राहील त्याचा."

"माझ्या वाराला भजी?" रायाजीने लगेच विचारलं.

"तुमच्या वाराला भजी. पण तुमच्याच वाराला."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस काठीकडे बघायचं."

सासरा ओट्यावरून हसला. "सुनेनं बरोब्बर दाबलंन् हो!"

आता कुणाला वाटेल, की शिंकी टांगली आणि सगळं सुरळीत झालं. कुठलं! पहिल्याच आठवड्यात येसूचं हसू झालं. सासूचा वार मंगळवारी, तिला हवी मेथी. येसूने मेथी मंगळवारच्या शिंक्यात ठेवली. मंगळवारी शिंकं उतरवलं, तर आत हळदीच्या रंगाचा पाला.

"शाबास!" सासू म्हणाली. "आधी उकिरड्यावर नासत होती, आता अधांतरी नासते."

येसू रडली नाही. तिने वारांची अदलाबदल केली. पालेभाजी बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी. भेंडी, गवार त्यानंतर. मग दोडका आणि वांगी. आठवडा उतरणीला लागला की मटकी, कारण ती निवांत भिजते आणि मोड आल्यावर खाल्ली तर अंगी लागते. पाहुण्याच्या शिंक्यात भोपळा आणि डाळ. पाहुणा केव्हाही येवो, शिंकं तयार. आला नाही, तर भोपळा रुसत नाही, पुढच्या आठवड्यात जातो.

दुसऱ्या आठवड्यात रायाजीचा धीर सुटला. भर दुपारी ठकूच्या शिंक्यातला गूळ-शेंगदाणा काढायला तो टाचा उंचावून उभा राहिला. हात पुरेना. मग त्याने पाहुण्याच्या शिंक्याला धरून उडी मारली. शिंकं तुटलं आणि भोपळा थेट त्याच्या पोटावर आला.

"आई गं!"

मांजर दारातून म्हणाली, "शिंकं तुटलं की मांजराचं नशीब उघडतं म्हणतात. आज तुमचंच उघडलं."

ठकू धावत आली. पोट धरून बसलेला भाऊ बघून म्हणाली, "दादा, तू काठी उचलणार? तुला भोपळा झेलवेना!" येसू पदर तोंडावर धरून हसत होती. शेवटी रायाजीही हसला, तुटलेलं शिंकं बांधून भोपळा जागेवर ठेवला, आणि पुन्हा कुणाच्या शिंक्याला हात लावला नाही.

खरं मन फिरलं ते सासूचं, आणि तेही विहिरीवर.

धोंडाजीची बायको सगुणा पोहरा सोडता सोडता सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काय हो काकी, तुमच्याकडे म्हणे आता टांगून जेवतात? दिवस वाईट आलेले दिसतात मानाच्या घराला."

घरात सुनेला रोज टोचणारी ती सासू. पण बाहेरच्याने टोचलं तर खपवून घेईल? घागर कमरेवर चढवून ती म्हणाली, "हो गं, आम्ही टांगून जेवतो. पण टाकून देत नाही. आमच्या उकिरड्यावर आता गाढवंसुद्धा फिरकत नाहीत. सगळी तुझ्याच दारात जमतात. विचार त्यांना, ताजी वांगी कुणाकडची ते!"

विहिरीवर हशा पिकला. घरी आल्यावर सासू येसूला म्हणाली, "बुधवारी मला आधी विचारत जा. मी थोरली आहे." आणि त्या दिवसापासून बाजाराला निघण्याआधी ती भाकरी खाऊनच बाहेर पडू लागली. काय घ्यायचं ते ठरलेलं, म्हणून टोपली हलकी आणि पाय भरभर.

दिवस गेले. वाण्याकडे जाणारी सुपं थांबली. वाणी एकदा दारावरून जाताना विचारून गेला, "सगळे खुशाल आहात ना? बरं नाही की काय कुणाला?" कणगी पूर्वी जत्रेआधीच तळाला जायची, यंदा सासू रोज सकाळी तिच्यावर टिचकी मारून भरलेला आवाज ऐकायची, मग चूळ भरायची. रायाजी आता जेवून आडवा होत नव्हता. गुरं घेऊन डोंगर चढायचा, उतरायचा, आणि आपल्या वाराची भजी चवीने खायचा. रोज खाताना त्याला ती कधी इतकी गोड लागली नव्हती.

आणि जत्रा आली.

काठी रायाजीच्या खांद्यावर चढली. त्याच्या मागे पावलावर पाऊल ठेवून धोंडाजी चालला. कमर बांधलेली, हात मोकळे. रायाजी डगमगला, की काठी आपल्याकडे घ्यायची, असं त्याने बायकोला सांगूनच ठेवलं होतं.

बायका खाली, चुलाणांपाशी. येसू वरण ढवळायचा डाव धरून उभी होती. झाडीतून तिला नवरा दिसत नव्हता, लोक दिसत नव्हते. दिसत होता फक्त काठीच्या टोकावरचा मोरपिसांचा तुरा. तो डुलत वर वर चालला होता.

गेल्या साली जिथे काठी टेकली, त्या वळणावर तुरा थांबला.

येसूच्या हातातला डावही थांबला. सासू डोळे मिटून म्हणाली, "टेकवली का गं? खरं सांग."

"थांबलीय, आत्याबाई. पण खाली नाही आली. तुरा हलतोय."

"अजून?"

"अजून उभाच आहे."

वरण उकळत होतं, तेवढाच आवाज. मग तुरा एकदा डावीकडे झुकला, सरळ झाला, आणि जो निघाला तो माथ्यापर्यंत थांबलाच नाही. वरून ढोलांचा आवाज आला. सासूने डोळे उघडले, येसूला पोटाशी धरलं आणि लगेच सोडून म्हणाली, "वरण लागेल. ढवळ!"

लोक खाली आले, तेव्हा येसूने नवऱ्याला आधी हेच विचारलं, "अहो, त्या वळणावर थांबलात कशाला? माझा जीव गेला ना!"

रायाजी घाम पुसत हसला. "मी कुठे थांबलो? धोंडाजीला दम लागला. मागून म्हणाला, 'रायाजी, देवीची शपथ, घटकाभर थांब.' शेजारी आहे, टाकून कसा जाऊ?"

धोंडाजीने मान खाली घातली. पण पंगतीत बसला, तेव्हा ती मान पानावरून वर उठलीच नाही. घट्ट वरण, वर तूप, मोडाची मटकी, भोपळ्याची भाजी, गव्हाची खीर. मुलं जेवली, म्हातारे जेवले, वाटेवरचे वाटसरू जेवले, आणि कणगीत धान्य उरलं. पंच उठताना म्हणाले, "काठी आहे तिथेच राहील." येसूने पुन्हा एकदा सगळ्या पंगतीवरून खीर फिरवली, आणि या वेळी लोक तिच्याकडे बघून हसले ते तृप्तीने.

हात धुता धुता सगुणा हळूच जवळ आली. "काकी, ती शिंकी... सुंभ कुठला घेतलात हो?"

सासूने आधी सुनेकडे पाहिलं, मग मोठ्याने म्हणाली, "सुंभ कुठलाही चालतो गं. डोकं मात्र माझ्या सुनेचं लागतं. ये बुधवारी, भरल्या पोटी. ती शिकवील."

पुढच्या बाजारात सुंभवाल्याचं दुकान दुपारच्या आतच रिकामं झालं, आणि त्या गावात घरोघरी आढ्याला सात शिंकी डुलू लागली.

म्हणून लहानथोरांनो, सांगते ते ध्यानात ठेवा: चूल पेटण्याआधी ज्या घराचं ताट ठरतं, त्या घरातल्या माणसांचं अंग धडधाकट राहतं आणि कणगीही भरलेली राहते.