उत्तरेची टेकडी

फार पूर्वी, तळ्याकाठचे तंटे कासवआजी सोडवत असे, तेव्हाची ही गोष्ट. दर हिवाळ्यात हिमालयापलीकडून चक्रवाक पक्षी त्या तळ्यावर उतरत. एकदा मस्तीत धावणाऱ्या रेड्याच्या खुराखाली केशर नावाच्या चक्रवाकीचा पंख सापडला आणि कायमचा मोडला. उन्हाळा लागताच तिचा थवा तिला मागे ठेवून उडून गेला.

कासवआजीने निवाडा केला, "रेड्या, हिच्या खाण्याची आणि निवाऱ्याची सोय तू करायचीस."

रेड्याने ती नीट केली. कोवळं गवत आणलं, बाभळीखाली जागा दिली. तरी केशर उत्तरेकडे तोंड करून बसे.

"आता हिला काय कमी आहे?" वैतागून रेड्याने आजीला विचारलं.

आजी केशरकडे वळली. "पोरी, तुझं काय गेलं?"

"वरून दिसणारं बर्फ," केशर म्हणाली. "आणि उडताना शेजारून येणारी आईची हाक."

"हे कसं भरून द्यायचं?" रेडा म्हणाला. "याला तर मापच नाही."

"माप नाही म्हणून ते गेलंच नाही, असं होत नाही," आजी म्हणाली. "जमेल तेवढं दे."

केशर पाहत होती त्या दिशेला रेड्याने पाहिलं. मग केशरपुढे गुडघे टेकून म्हणाला, "बस पाठीवर."

तो तिला उत्तरेच्या टेकडीवर घेऊन गेला. तिथल्या वाऱ्यात केशरने धड असलेला पंख पसरला.

"बरं वाटतंय?"

"नाही," ती म्हणाली. "पण इथून थवा गेला ती वाट दिसते. उद्याही आणशील?"

"आणेन," रेडा म्हणाला, आणि ती पुरे म्हणेपर्यंत जागचा हलला नाही.