मुशीला मारण्याचा ठराव

ही गोष्ट मला नीट आठवते का, याची खात्री नाही. कदाचित खाडी दुसरीच असेल. पण फार पूर्वी एका खाडीत मुशीने, म्हणजे शार्क माशाने, पाणमांजराच्या पिल्लाची शेपटी चावली, एवढं नक्की.

पिल्लं जिथून पोहायला उतरत, त्याच खडकावर लगेच सभा भरली. पाणमांजरं मासे खात होती आणि नेहमीप्रमाणे उरलेली डोकी पाण्यात भिरकावत होती.

"मारा मेलीला!" पिल्लाची आई रडत म्हणाली. "माझं लेकरू पाण्यात पाऊल टाकत नाही हो."

"मारू गं," म्होरक्या म्हणाला.

"पण ती सापडायची कशी?" म्हाताऱ्या कासविणीने विचारलं.

"त्यात काय, आजी! इथे माशांची डोकी टाकायची. वासावर धावत येते."

"म्हणजे आत्ता टाकताय तशीच?"

म्होरक्याच्या हातातलं डोकं हातातच राहिलं. मग तो खाकरून म्हणाला, "सभेत मध्येच बोलू नये, आजी."

ठराव एकमताने मंजूर झाला.

कित्येक वर्षांनी एका बगळ्याला विचारून मी खात्री करून घेतली. ठराव अजून कायम आहे. मुशी मात्र कुणी मारली नाही. त्याच संध्याकाळपासून पाणमांजरं डोकी गुपचूप वाळूत पुरू लागली, आणि पिल्लू पुन्हा पोहू लागलं.