सकवारची काशाची वाटी

एकदा काय झालं, एका राजाचा डावा पाय दुखायला लागला. साधंसुधं दुखणं नव्हे हं. तळव्याची नुसती आग, बोटांना मुंग्या, आणि मधूनच टाचेपासून पोटरीपर्यंत अशी कळ जायची की भर दरबारात राजा "आई गं!" करून ओरडायचा. वैद्य म्हणाले, नस बिघडलीय. एकाने लेप लावला. दुसऱ्याने कडू काढा पाजला. तिसऱ्याने डाग द्यायचं काढलं, तर राजाने त्यालाच हाकलून दिलं. पाय काही ऐकेना.

मग कुणीतरी सांगितलं, कासारांच्या आळीत सकवार नावाची पोर आहे, ती काशाच्या वाटीने तळपाय घासते. खरंच होतं ते. तिच्या आईचे पाय अस्सेच पेटायचे. बापाने मरायच्या आधी मायलेकींना एक वाटी करून दिली होती, आणि त्या वाटीचं एक नवल होतं, बरं का. आईचे पाय पेटले की वाटी आपोआप तापायची. सकवार ती कमरेला खोचूनच हिंडायची. चटका बसला की हातातलं काम टाकून घरी पळायची, एरंडेल लावायची आणि घासत बसायची, तळवे काळे होईस्तोवर. मग कुठे आईचा पाय जमिनीला टेकायचा. आईला दुसरं होतं तरी कोण?

मग काय, राजाची माणसं आली आणि पोरीला घेऊन गेली, वाटीसकट.

राजवाड्यात एरंडेल कुठलं, तिथे साजूक तूप! सकवारने घासलं. राजाचा तळवा काळाकुट्ट झाला, आग उतरली, कळ गेली. महिन्याभरात राजा शिकारीला जायला लागला. पण वाटी रोज तापत होती. आई पेटलीय आणि मी इथे भलत्याचाच पाय मांडीवर घेऊन बसलेय, या घोराने सकवारला घास गिळवेना.

मग ती म्हणाली, "महाराज, आता जाऊ? आई वाट बघत असेल." राजा म्हणाला, "दसरा होऊ दे." आणि एक पैठणी दिली.

दसरा झाला. वाटी जास्तच तापायला लागली. सकवारने पुन्हा विचारलं. राजा म्हणाला, "संक्रांत होऊ दे." आणि पाटल्या दिल्या. मेल्याला वाटलं, पाटल्यांनी पोर गप्प बसेल!

संक्रांत झाली. आता वाटी हातात धरवेना, बोटांना फोड आले. सकवार रडत म्हणाली, "मला सोडत नाही तर आईला तरी इथे आणा." राजाने नाक मुरडलं. "राजवाड्यात आजारी माणसं कशाला? घास तू."

ती घासत राहिली. आणि एका दुपारी, घासता घासता, वाटी गार पडली. विहिरीतल्या पाण्यासारखी गार.

राजाने डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! आज किती बरं वाटतंय. रोज असंच करत जा, पोरी."

सकवारने पैठणी, पाटल्या आणि ती वाटी राजाच्या पायापाशी ठेवली आणि ती उठली.

"कुठे निघालीस?"

"घरी."

"आणि माझा पाय?"

"वाटी ठेवलीय की," सकवार म्हणाली. "आता ती कधी पोळायची नाही."

पहारेकऱ्यांनी तिचं तोंड बघितलं आणि भाले बाजूला घेतले. राजाचा पाय त्याच संध्याकाळी पुन्हा पेटला. दहा जणांनी घासून बघितलं. तळवा काळा होईना, कळ जाईना.

मग? मग सगळे सुखाने राहिले, असं म्हणायचं असतं. म्हटलं मी. राजा राहिला असेल, मला नाही ठाऊक. सकवारला चुलीपाशी आई सापडली, चूल पेटवायला उठलेली, तिथवरच पोचलेली.

चला, मिटा डोळे. काय रे, वाटी कशाला काढलीस? माझे पाय राहू देत आज. आधी तुझ्या आईचे घास, जा. दिवसभर उभी आहे ती. जागी आहे तोवर जा.