सोजरमावशीची भरलेली पाटी

आमच्या गूळ चौकात संध्याकाळी सहाला रिक्षा अडकली की आतल्या दोन पाहुण्यांची सोयरीक जुळायची, पण चौक ओलांडून व्हायचा नाही. कोंडी का होते ते मला ठाऊक होतं, कारण मी चौथी नापास रिक्षावाला. नगरपालिकेचे मुख्याधिकारी दातारसाहेब फार शिकलेले, त्यांना कळेना.

एकदा ते मोजायची टेप घेऊन आले आणि सोजरमावशीच्या शेंगांच्या हातगाडीकडं बोट केलं. "म्हातारे, कोंडी तुझ्यामुळं होते. उद्या गाडी उचलतो!"

मावशीचं पोट त्या गाडीवर. तरी शेंगा भाजत ती म्हणाली, "साहेब, माझ्या शेंगा अडकलेला माणूस घेतो. मोकळ्या रस्त्यावर कोण थांबतंय? मागच्या आठवड्यात चार दिवस मी इथंच उभी होते, तरी पाटी भरलेलीच घरी नेली."

"का?"

"कोंडीच झाली न्हाई! तुम्ही मेव्हणीच्या लग्नाला गेला होता न्हवं? तुमच्या गाडीसाठी चारी रस्ते अडवून धरायचं काम हवालदाराला पडलंच न्हाई."

साहेबांमागं उभा हवालदार आपले बूट न्याहाळू लागला. मी हॉर्न वाजवला, मागं अख्ख्या चौकानं वाजवला.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांची गाडी आमच्यासारखीच आपल्या पाळीची वाट बघू लागली. चौक पाच मिनिटांत पार होतो. मावशीनं आमच्यापायी स्वतःचं गिऱ्हाईक घालवलं की हो! म्हणून आम्ही सगळे रिक्षावाले स्टँडवर गाड्या लावतो आणि पायी जाऊन तिच्याकडं शेंगा घेतो. काल माझ्यापुढं दातारसाहेब उभे होते, टरफलं गुपचूप खिशात कोंबत.