न सांगणाऱ्यांसाठी एक आकडा

सांगलीत एक वृद्ध गृहस्थ राहत असत. नाव भास्करराव पोंक्षे. एका संगणक-भाषेची घडण आणि देखभाल यांत त्यांची तीस वर्षे गेली होती. त्यांच्या हाताखाली इरावती गव्हाणे नावाची एक शिष्या होती. बुद्धीने तल्लख, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते अशी तिची दृढ श्रद्धा.

त्या भाषेतला प्रोग्राम थेट संगणकावर चालत नसे. मध्ये एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा एक कल्पित संगणक, असे. प्रोग्रामला लागेल तितकी मेमरी ते संगणकाकडून मागून घेई. कुठवर मागावे, ही मर्यादा वापरणाऱ्याने सांगायची. पण शंभरातले नव्वद जण काहीच सांगत नसत. त्यांच्यासाठी भाषेनेच एक आकडा धरलेला असे. तो फार जुना आणि आजच्या मानाने फार लहान झाला होता. भास्कररावांनी इरावतीला नवा आकडा सुचवायला सांगितले.

तीन महिने मोजमापे करून ती आली. "सर, मर्यादाच नको. संगणकात जेवढी मेमरी आहे तेवढी घेऊ द्यावी. कुणाचंच काम अडणार नाही."

भास्करराव हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. एवढेच म्हणाले, "तालुक्याच्या रक्तपेढीत शकीला मुजावर आहेत. तिथले प्रोग्राम आपल्याच भाषेतले. त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्याने मर्यादा काढून टाकली आहे. दोन दिवस त्यांच्याजवळ बसून ये."

रक्तपेढीत एकच संगणक होता. पिशव्यांच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम त्याच्यावर चाले, आणि शीतकपाटाचे तापमान वाढले की भोंगा वाजवणाराही त्याच्यावरच. दुसऱ्या दिवशी दुपारी शकीलाताई सहज कपाटाजवळ गेल्या आणि तिथेच थबकल्या. तापमानाचा काटा आठ अंशांच्या वर होता; रक्ताला सहाच्या वर चालत नाही.

"अगं, भोंगा का नाही वाजला?" त्या ओरडल्या. "ते नंतर बघ! बर्फाच्या पेट्या आण आधी!"

दोघींनी चौदा पिशव्या हलवल्या. रक्त वाचले. मग इरावतीने पडदा पाहिला. चिठ्ठ्यांच्या प्रोग्राममध्ये काही दोष होता. तो प्रोग्राम सकाळपासून मेमरी खात फुगत गेला होता. शेवटी जागा मोकळी करण्यासाठी संगणकाने त्याच्या शेजारचा, भोंग्याचा प्रोग्राम बंद केला होता. ज्याने काही खाल्ले नव्हते, तोच मेला होता.

ती परतली ती हादरून. "सर, मी चुकले. जुना आकडाच राहू दे. अगदी लहान. कुणी फुगूच नये."

भास्कररावांनी खणातून एक पत्र काढून तिच्यापुढे ठेवले. नदीची पातळी मोजणाऱ्या एका अभियंत्याचे ते होते. पुराचे गणित करणारा त्याचा प्रोग्राम दर वेळी मध्येच थांबे, आणि पडद्यावर फक्त 'मेमरी संपली' असे येई. संगणकात तर भरपूर मेमरी रिकामी होती! त्याला वाटले, आपलीच आकडेवारी चुकली. नऊ दिवस तो ती तपासत बसला. मर्यादा नावाची काही गोष्ट असते हेच त्याला ठाऊक नव्हते.

इरावतीने पत्र खाली ठेवले. "मोठा आकडा चूक, लहानही चूक. मग बरोबर कोणता?"

"संगणकात जेवढी मेमरी असेल तिचा चौथा हिस्सा," भास्करराव म्हणाले आणि तिच्यादेखत तसे लिहून मोकळे झाले.

तीन महिन्यांचे काम एका मिनिटात उरकलेले पाहून ती अवाक झाली. पण तिला खरे कोड्यात टाकले ते पुढच्या दिवसांनी. मर्यादा संपल्यावर पडद्यावर जे वाक्य दिसते, ते भास्करराव चार दिवस लिहीत आणि खोडत बसले. शेवटी उरले ते असे: 'हा प्रोग्राम थांबवला आहे, कारण त्याला ठरवून दिलेली मेमरी संपली. ही मर्यादा तुम्ही नाही, आम्ही ठरवली होती. ती कमीजास्त करायची असल्यास पुढील आज्ञा द्या.' खाली मर्यादेचा आकडा आणि ती आज्ञा.

तिला राहवले नाही. "सर, आकड्याला एक मिनिट आणि वाक्याला चार दिवस? मला काहीच कळेनासं झालंय."

"आकडा चुकणार हे मला आधीच माहीत होतं," ते शांतपणे म्हणाले. "ज्यांना आपण पाहिलं नाही, त्यांच्यासाठी आपण ठरवतोय. कुणाला तरी तो लागू पडणारच नाही. मग विचार करायचा तो चुकल्यानंतर काय होईल याचा. फुगणारा स्वतः थांबावा, शेजारी मरू नये. चौथा हिस्सा त्यासाठी. आणि जो थांबला त्याला कळावं, की का थांबलो, कुणी थांबवलं आणि आता काय करायचं. त्या अभियंत्याचे नऊ दिवस लहान आकड्याने नाही खाल्ले, इरावती. आपल्या मौनाने खाल्ले."

इरावतीला पटल्यासारखे वाटत होते, पण मनातला गोंधळ गेला नव्हता.

नवी आवृत्ती निघाली. महिन्याभरात एकाच दिवशी दोन पत्रे आली. एका सूतगिरणीने लिहिले होते, तुमची मर्यादा फार तोकडी. आमचा प्रोग्राम पहिल्याच दिवशी थांबला. एका शाळेने लिहिले होते, मर्यादा फार सैल; आमच्या एका संगणकावर आठ मुले काम करतात, चौघांचे प्रोग्राम थांबेपर्यंत बाकीच्यांना जागाच उरली नव्हती.

इरावती दोन्ही पत्रे घेऊन धावत आली. "सर, वाढवायचा की कमी करायचा?"

"शेवटपर्यंत वाचलीस?"

तिने वाचली. गिरणीने वाक्य पाहून मर्यादा दुप्पट केली होती आणि काम पुढे नेले होते. शाळेने तेच वाक्य पाहून ती दहाव्या हिश्श्यावर आणली होती. दोघांनीही मदत मागितली नव्हती.

"मग यांनी लिहिलं कशाला?"

"आपण चुकलो हे सांगायला."

तिने दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेवली. मग तिने दोघांनाही एकाच ओळीचे उत्तर लिहिले: 'आपले म्हणणे बरोबर आहे.' दोन्हीकडे तेच लिहिताना आपण कुणाला फसवत आहोत असे तिला वाटले नाही.