शेंड्याची कळी

चूक भालूकाकांची होती. मंजूताईची नाही. आईची नाही. मुंगीची तर नाहीच नाही.

भालूकाकांनी निशिगंध आणला. फुलदाणीत ठेवला. पाणी घातलं आणि विसरले. एक दिवस झाला. दोन झाले. चार झाले. पाणी हिरवं झालं. पाण्याला वास आला. आईने सांगून पाहिलं, पाणी रोज बदलावं, दांडीचं बूड जरासं कापावं. काका म्हणाले, मला शिकवू नका. फुलदाणीला कुणी हात लावायचा नाही.

निशिगंधावर एक मुंगी होती. एवढीशी. तिळाएवढी. खालची फुलं उमलली, तेव्हा मोठ्या मुंग्यांनी मध चाटूनपुसून खाल्ला. छोटीला म्हणाल्या, शेंड्याची कळी तुझी. आणि गेल्या निघून.

आता त्या कळीने मान टाकली.

मुंगी म्हणाली,
"कळी, कळी, उमल."
कळी म्हणाली, "मला तहान लागलीय. दांडीने पाणी पाजलं तर उमलेन."

तुरु तुरु तुरु. मुंगी दांडीकडे गेली.
"दांडी, दांडी, पाणी पाज.
कळी उमलेना."
दांडी म्हणाली, "माझं बूड सडलंय. बुळबुळीत झालंय. कात्रीने ते कापलं तर पाजीन."

तुरु तुरु तुरु. मुंगी कात्रीकडे गेली. कात्री खिळ्याला लटकली होती.
"कात्री, कात्री, बूड काप.
दांडी पाणी पाजेना,
कळी उमलेना."
कात्री म्हणाली, "मला का पाय आहेत? ताईने उचललं तर कापीन."

तुरु तुरु तुरु. मुंगी मंजूताईकडे गेली.
"ताई, ताई, कात्री उचल.
कात्री बूड कापेना,
दांडी पाणी पाजेना,
कळी उमलेना."
ताईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "काका ओरडतात गं. काका हो म्हणाले तर उचलीन."

तुरु तुरु तुरु. मुंगी भालूकाकांकडे गेली. काका जेवून आडवे झाले होते. पोटावर पेपर. घुर्रर्र फू. घुर्रर्र फू.
मुंगी पेपरावर चढली.
"काका, काका, हो म्हणा.
ताई कात्री उचलेना,
कात्री बूड कापेना,
दांडी पाणी पाजेना,
कळी उमलेना."
काकांनी एक डोळा उघडला. "चाळीस वर्षं फुलं आणतोय मी. तू कोण मला सांगणारी?"
आणि फुंकर मारली. फूऽऽऽ.

मुंगी उडाली. टप्पकन जमिनीवर पडली. उलटी. सहा पाय वर. रडली नाही. वळवळली, वळवळली, सुलटी झाली. मान ताठ केली.
"मी कोण? निशिगंधावरची मुंगी मी."

तुरु तुरु तुरु. मुंगी काकांच्या पायावर चढली. अंगठ्यावर उभी राहिली.
"काका हो म्हणेनात,
ताई कात्री उचलेना,
कात्री बूड कापेना,
दांडी पाणी पाजेना,
कळी उमलेना."
आणि चावली. कडकडून चावली. काका पाय झाडतात, मुंगी सोडत नाही. काका पाय आपटतात, मुंगी सोडत नाही.
"हो," काका म्हणाले. "हो बाई, हो."
तेव्हा सोडलं.

काका हो म्हणाले.
ताईने कात्री उचलली.
कात्रीने बूड कापलं. तिरकं. कच्च.
ताईने घाण पाणी ओतलं. भस्स. ताजं पाणी भरलं. गुड गुड गुड.
दांडीने पाणी पाजलं.
आणि कळी?
कळी लगेच नाही उमलली. तिने आधी मान उचलली. मग जराशी फुगली. संध्याकाळ झाली. आणि एक पाकळी. दोन पाकळ्या. सगळ्या पाकळ्या. घरभर वास.

मोठ्या मुंग्या धावत आल्या. छोटी म्हणाली, "थांबा. आधी मी."
थांबल्या. सगळ्या थांबल्या. छोटी वर चढली, पोटभर मध प्यायली, आणि शेंड्यावर उभी राहिली. एवढीशी. तिळाएवढी. घरात सगळ्यांत उंच.

पाहुणे आले. म्हणाले, काय छान फुलं. काका म्हणाले, मीच जपली.
मंजूताई मोठ्याने म्हणाली, "नाही. मुंगीने."

भालूकाकांचा अंगठा सुजला. तीन दिवस बूट चढला नाही.