घट्ट बसवलेला नट

मी टायरच्या दुकानात काम करतो. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील आणि शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

लोखंड बोलायचं त्या काळची ही गोष्ट. माठ वाहणाऱ्या एका टेम्पोचं चाक बसवायचं काम चाललं होतं. चाकाला पाच बोल्ट होते. हवेवर चालणाऱ्या, नट आवळायच्या गनने शेवटच्या बोल्टवर नट टेकवला आणि जोर लावला.

“गनबाई, थांबा! मी तिरका लागलोय,” नट ओरडला.

“माझे आटे चिरडतायत,” बोल्ट कळवळला. “त्याला काढा, आधी बोटांनी फिरवून बघा.”

“बोटांनी?” गन हसली. “मग आरतीही ओवाळू का? मागे गाड्या खोळंबल्यात.” करकर आवाज झाला तरी तिने नट दाबूनच बसवला.

बाकीचे बोल्ट म्हणाले, “रडू नकोस रे धाकट्या. आम्ही चौघे आहोत ना!”

घाटात तो नट गळून पडला. त्याचा भार चौघांवर आला. शेजारचा तुटला, मग त्याच्या शेजारचा.

“धाकट्या, धर रे!” चौघांतला उरलेला एकटा ओरडला.

“कशाने धरू, दादा? माझे आटेच राहिले नाहीत.”

चाक दरीत गेलं. टेम्पो आडवा झाला, माठ फुटले, आणि चालकाचा पाय कायमचा गेला.

दुकानात बातमी आली तेव्हा गन एवढंच म्हणाली, “मी तर घट्ट बसवला होता.”

गोष्ट लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. गन खुंटीवरच राहू दिली आणि पहिल्या गाडीचे नट बोटांनी फिरवायला बसलो.